कुमुद, तुझा क्रॉस परत मागवलाय

प्रिय कुमुद,

तुला पत्र लिहायची मला सवय नाही. मी अमेरिकेत आधी आलो आणि तू मागून आलीस, तेव्हा मधल्या काळात काय ती थोडी पत्रं लिहिली असतील. त्यातही थंडी किती आहे आणि बटाटे कसे मिळतात एवढंच असायचं, असं तूच सगळ्यांना सांगत फिरायचीस. आज मात्र बसलोय लिहायला. कारण तुझ्याशी भांडायचंय, आणि समोर तू नाहीस.

काल शिकागोच्या डच कॉन्सुलेटमधून फोन आला. बोलणारी बाई फार सभ्य होती. आधी तू गेल्याचं दुःख व्यक्त केलं, मग तुझ्या कामाबद्दल चार शब्द बोलली आणि शेवटी म्हणाली, "सर, ऑर्डर ऑफ ऑरेंज-नासाऊ या आमच्या शाही किताबाचा क्रॉस हा मानकऱ्याच्या हयातीपुरता असतो. नंतर तो परत करायचा असतो. घाई नाही, सोयीनं पाठवा."

परत? मानसन्मान कुणी परत मागतं का? मी जरा तावातावानंच विचारलं. ती शांतपणे म्हणाली, "तुमच्या मिसेसना हे माहीत होतं, सर. पाठवण्याआधी पॉलिश करायचा का, असंही त्यांनी मला विचारून ठेवलं होतं."

तुला माहीत होतं! आणि मला एका शब्दानं बोलली नाहीस! मी इकडे दिवाणखान्यात तुझ्या मेडिकलच्या डिग्रीशेजारी खिळा ठोकलाय, फ्रेमवाल्याला माप देऊन आलोय. किती हसली असशील गं मनातल्या मनात?

तर तुझ्या साड्यांच्या कप्प्यातून क्रॉसची डबी काढली आणि टेबलावर ठेवली. इतकी वर्षं घरात होता, पण मी तो असा निवांत कधी बघितलाच नव्हता. चांदीचा क्रॉस, त्यावर गडद निळं मीनाकाम, कडेला पांढरी रेघ. वर मुकुट. मधोमध सिंह, एका हातात तलवार, दुसऱ्या हातात बाण. क्रॉसच्या चार हातांच्या बेचक्यात पानांची माळ. ती पहिल्यांदा बघून तू म्हणाली होतीस, "अय्या, तमालपत्र!" नारिंगी फीत, तिला निळे-पांढरे काठ. बायकांसाठी म्हणून तिचा बो बांधलेला. सिंहाभोवती फ्रेंच अक्षरं आहेत, त्यांचा अर्थ 'मी राखीन'. तो कळल्यावर तू मला, मेंटेनन्स इंजिनिअरला, चिडवलं होतंस. "मेंटेनन्स! अहो, हा तुमच्याच डिपार्टमेंटचा बिल्ला दिसतोय."

खरंच, माझ्या डिपार्टमेंटचा असता तर मी तो कधीच परत केला नसता.

आठवतं, हे सगळं सुरू कसं झालं? ऐंशी साली आपण शिकागोजवळ शॉमबर्गला घर घेतलं आणि तू ते दक्षिणेकडच्या डच वस्तीतल्या नर्सिंग होमचं काम धरलंस. माझ्या आईला पत्रातून कळवलं, तर तिला वाटलं बाळंतपणाचं नर्सिंग होम. "सूनबाईला सांग, रात्रीची बाळंतपणं घेऊ नको." मी उलट कळवलं, आई, इथं नर्सिंग होम म्हणजे म्हाताऱ्या माणसांची शेवटची राहायची जागा.

मला ते काम पटलं नव्हतं. एवढी शिकलेली डॉक्टर, चांगल्या हॉस्पिटलात जाशील, पुढे डिपार्टमेंटची हेड होशील, असं माझं गणित. तू मात्र स्टेशन वॅगन घेऊन रोज तासभर ड्राइव्ह करत तिकडे जायचीस, बर्फ असो की ऊन. तिथं तुला सगळे 'डॉक्टर के' म्हणायचे. कुमुद म्हणताना त्यांची जीभ अडखळायची.

आणि एक दिवस जेवताना तू विचारलंस, "अहो, बोवन हे नाव कुणाचं असतं?"

मी म्हटलं, "आमच्या ऑफिसात एक बोवन आहे. का?"

मग तू मिसेस देक्करची गोष्ट सांगितलीस. साठी उलटलेल्या बाई. विस्मृतीचा आजार. पस्तिशी उलटल्यावर अमेरिकेत आलेल्या, चांगलं इंग्लिश बोलायच्या, पण आजारात ते इंग्लिश पार पुसलं गेलेलं. संध्याकाळ झाली की "बोवन! बोवन!" असं ओरडत सुटायच्या. आंघोळीच्या टबाकडे नेलं की नर्सना बोचकारायच्या, चावायच्या. शेवटी त्यांना खुर्चीला पट्ट्यानं बांधून ठेवायला लागले होते आणि गुंगीचं औषध वाढतच चाललं होतं. सगळ्या स्टाफची खात्री, की बोवन हा कुणीतरी जुना मित्र. त्यांची मुलगी भेटायला यायची ती बिचारी शरमेनं लाल व्हायची. वडिलांचं नाव तर कॉर्नेलिस होतं!

"मुलीला डच येत नाही?" मी विचारलं.

"नाही. ती इथंच जन्मलेली. आईनं शिकवलंच नाही. अमेरिकेत आलोय तर इंग्लिश बोलायचं, म्हणायची."

त्या वेळी आपला निखिल टेबलाच्या पलीकडे बसून म्हणाला होता, "मॉम, कॅन आय बी एक्स्क्यूज्ड?" तू त्याच्याकडे बघितलंस, मग माझ्याकडे.

दुसऱ्या दिवशी तू तो शब्द घेऊन मिस्टर ब्राउअरकडे गेलीस. त्याच नर्सिंग होममध्ये, पण पलीकडच्या, शाबूत डोक्याच्या लोकांच्या बाजूला राहणारे निवृत्त शाळामास्तर. व्हीलचेअरवर टाय लावून बसायचे. तू विचारलंस, हा बोवन कोण? ते आधी मोठ्यानं हसले. मग म्हणाले, "डॉक्टर, हे माणसाचं नाव नाही. ती म्हणत असेल, नार बोव्हन. म्हणजे वर. वरच्या मजल्यावर चला." आणि एकदम थांबून विचारलं, "ती हॉलंडमध्ये कुठली?"

तू म्हणालीस, "झीलंड."

तेव्हा म्हाताऱ्यानं सांगितलं, की पन्नासच्या दशकात एका वादळात तिथले समुद्राचे बांध फुटले होते. पाणी घराघरांत शिरलं. जे माळ्यावर पोचले ते वाचले. जे खाली राहिले ते राहिलेच.

कुमुद, ती गोष्ट सांगताना तुझा हात ताटात तसाच होता. आमटी निवून गेली. तू म्हणालीस, "आम्ही तिला रोज संध्याकाळी खालच्या मजल्यावर बांधून ठेवतो. आणि पाण्यात बसवतो."

तुला भांडताना मी घरात पुष्कळ पाहिलंय, पण तिथल्या डायरेक्टरशी तू जे भांडलीस ते डोरिसनं मला नंतर साभिनय करून दाखवलं. डोरिस, ती नर्सच्या हाताखाली काम करणारी, मोठ्या हसण्याची बाई. डायरेक्टरचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. गोंधळलेल्या पेशंटना खालीच ठेवायचा नियम होता, आग लागली तर बाहेर काढायला सोपं. तू म्हणालीस, वर नर्सच्या टेबलाशेजारची खोली द्या, लिफ्टच्या अगदी जवळची. तो म्हणाला, पडली तर? तू म्हणालीस, माझ्या जबाबदारीवर. तो म्हणाला, डॉक्टर के, तुमची नोकरी जाईल. तू म्हणालीस, "मग आजच सांगा. मला घरी जाऊन नवऱ्याला सांगायला लागेल."

नवऱ्याला तू काही सांगितलं नाहीस ते वेगळं! घराचे हप्ते चालू होते आपले. मला कळलं असतं तर मी काय म्हटलं असतं हे तुला पक्कं ठाऊक होतं, म्हणून तू विचारलंच नाहीस. बरंच केलंस.

तर त्या संध्याकाळी तू आणि डोरिसनं मिसेस देक्करना लिफ्टनं वर नेलं. पट्टा सोडला. त्या खिडकीशी गेल्या, खाली वाकून पाहिलं. खाली कोरडी पार्किंगची जागा, आपापल्या गाड्या काढणारी माणसं. त्या बघत राहिल्या. मग वळून तुला त्यांनी काहीतरी विचारलं. तुला तोवर मास्तरांनी थोडं शिकवून ठेवलं होतं, तेवढ्यावर तुला कळलं. त्या विचारत होत्या, "आणि बाकीचे?"

तू मास्तरांकडून घोकून आणलेलं वाक्य म्हटलंस. "इडरेन इज बोव्हन." सगळे वर आहेत.

त्या कॉटवर बसल्या, बूट काढून घेतले आणि झोपल्या. डोरिस म्हणते, ती स्वतः बाहेर येऊन जिन्यात बसून रडली. तू रडलीस का? तू मला कधीच सांगितलं नाहीस, आणि मला विचारायचं सुचलं नाही.

त्यानंतर आपल्या घरात डचनं धुमाकूळ घातला. गाडीत डचच्या कॅसेट, फ्रीजवर डच शब्दांच्या चिठ्ठ्या. कांदा चिरताना तू घशातून असले खरखरीत आवाज काढायचीस, की मला वाटायचं ठसका लागला. निखिल म्हणायचा, "मॉम, नोबडी स्पीक्स डच!" तू म्हणायचीस, "मिसेस देक्कर डझ." मराठी मंडळाच्या संक्रांतीला शाळेच्या कॅफेटेरियात तिळगूळ देता देता एका काकूंनी विचारलं, "काय गं, डच म्हणजे जर्मनच ना?" आणि मीही एकदा चिडून म्हटलं, की पोराला मराठी शिकवायला वेळ नाही आणि हे काय खूळ?

तू चिडली नाहीस. पोळी लाटता लाटता म्हणालीस, "निखिलला मी मराठीत हाक मारते, तो इंग्लिशमध्ये उत्तर देतो, पण देतो ना? त्यांना कुणी उत्तरच देत नाही हो."

तुझ्या त्या मोडक्या डचमधूनच मिसेस देक्करची हकीकत थोडी थोडी बाहेर आली. त्या रात्री त्यांनी आपल्या लेकरांना माळ्यावर चढवलं होतं आणि सासूला आणायला परत जिना उतरल्या होत्या. सासूचे पाय अधू. पाणी वाढत गेलं तशा त्या जिन्यावरूनच हाका मारत राहिल्या, वर चला, वर चला. सासू काही वर आली नाही. हे त्यांनी इतक्या वर्षांत पोटच्या मुलीलाही सांगितलं नव्हतं. तू तिला बोलावून, चहा देऊन सांगितलंस. ती मुलगी नंतर मला समारंभात भेटली. म्हणाली, "माझ्या आईची मला ओळख डॉक्टर के यांनी करून दिली. मी पंचवीस वर्षांची होते."

आणि मिसेस देक्कर काही एकट्या नव्हत्या. तिथं कितीतरी जण होते, ज्यांचं इंग्लिश गळून गेलं होतं आणि डच तेवढं उरलं होतं. कुणाला दात दुखतोय ते सांगता येत नव्हतं, कुणाला प्रार्थना म्हणायची होती, कुणी आपल्या गायीची चौकशी करत होता. तू प्रत्येकाशी बोलायचीस. रविवारी सुद्धा जायचीस! आपल्या लग्नाच्या वाढदिवसाला मी हॉटेलात टेबल राखून बसलो, आणि तू तिकडे एका म्हाताऱ्याला त्याच्या गायी दूध देतायत म्हणून सांगत बसलेलीस. त्या दिवसाचा राग माझ्या मनात अजून थोडा आहे, हे नोंदवून ठेवतो.

आता तो फोन. तुला आठवून अजून हसू येईल. एका संध्याकाळी मी फोन उचलला. पलीकडून कुणी भारदस्त आवाजात म्हणालं, "हर मॅजेस्टी, द क्वीन ऑफ द नेदरलँड्स..." मला वाटलं ट्यूलिपचे कंद नाहीतर बिस्किटं विकणारा कुणीतरी. "नॉट इंटरेस्टेड," म्हणालो आणि ठेवून दिला. तो खरोखरचा कॉन्सुल निघाला! मिस्टर ब्राउअरनी तुझं नाव सुचवलं होतं आणि राणीनं तुला तिच्या ऑर्डरची नाइट केलं होतं. डचमध्ये रिडर. तू म्हणालीस, "रिडर म्हणजे मुळात घोडेस्वार, मास्तर सांगतात. मला तर सायकलही येत नाही."

मी मात्र लायब्ररीत जाऊन मोठा विश्वकोश उघडला. सगळ्यात वर ग्रँड क्रॉस, त्याखाली ग्रँड ऑफिसर, मग कमांडर, मग ऑफिसर, मग नाइट. कमांडरचा क्रॉस गळ्यात असतो, ऑफिसरच्या फितीवर फुलासारखी गाठ असते, नाइटची फीत साधी. त्याही खाली सोन्याची, चांदीची आणि ब्राँझची मेडल्स. मी घरी येऊन म्हटलं, "पाचवी पायरी? एवढं केलंस आणि पाचवी? निदान ऑफिसर तरी."

तू कपडे वाळवणीच्या मशीनमधून काढत होतीस. "अहो, तुम्ही ऑफिसातल्या ग्रेड इथं कशाला आणताय?"

लागलं मला ते. त्याच वर्षी माझं प्रमोशन हुकलं होतं. पण तू लगेच माझ्या हातात चादरीचं एक टोक दिलंस आणि म्हणालीस, "धरा, घडी घालू." आणि मग आपण घडी घातली.

तुझी खरी अडचण वेगळीच होती. क्रॉस डाव्या छातीवर लावायचा असतो, आणि डावीकडे तर पदर! तू आरशासमोर उभी राहून ब्रोच लावून लावून बघत होतीस. उजवीकडे पदर घेऊ का, गुजराथी बायकांसारखा? ब्लाउजवर लावला तर दिसणार नाही. पदरावर लावला तर तुझ्या आईची महेश्वरी साडी भोकं पडून फाटेल. शेवटी तू पदराच्या आतून अस्तराचा तुकडा शिवलास, चांगला जाड. समारंभात तो उंच कॉन्सुल हातात क्रॉस घेऊन तुझ्यासमोर आला आणि घुटमळला. बाईमाणूस, साडी, पिन टोचायची कुठे? घाम फुटला त्याला. तू हात पुढे केलास. "द्या इकडे. मी डॉक्टर आहे, सुयांची मला सवय आहे." आणि स्वतःच खटकन लावलास! सगळा डायनिंग हॉल हसला. निखिलनं त्याचा व्हिडिओ घेतला, पण नेमकं तेव्हाच त्याचं बोट कॅमेऱ्यापुढे आलं. त्यात फक्त हसणं ऐकू येतं.

तू डचमध्ये बोललीस. मला एक अक्षर कळलं नाही. पण मी समोर बसलेल्यांचे चेहरे बघत होतो. ज्यांच्या माना एरवी छातीवर पडलेल्या असत, त्या एकेक वर होत होत्या. मिस्टर ब्राउअर तुझी व्याकरणाची चूक झाली की डोळे मिटायचे आणि मग हसायचे.

मग तू खाली उतरून मिसेस देक्करपाशी गुडघ्यावर बसलीस. तोवर त्या बोलायच्याच बंद झाल्या होत्या. त्यांनी हात लांबवून ती नारिंगी फीत धरली, बोटांनी कुरवाळली आणि स्पष्ट आवाजात काहीतरी म्हणाल्या. कॉन्सुल एकदम ताठ उभा राहिला. मी तुला गाडीत विचारलं, काय म्हणाल्या गं?

"म्हणाल्या, राणी आली होती. बूट घालून. आमच्या चिखलात."

पुरानंतरची गोष्ट. त्या वेळची राणी गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घालून त्या गावांतून फिरली होती म्हणे. मी गाडी चालवत राहिलो. पाचव्या पायरीबद्दल मी पुन्हा कधी बोललो नाही, तुझ्या लक्षात आलं होतं का?

तू मात्र पायऱ्या सोडल्या नाहीस! केक खाता खाता कॉन्सुलला गाठलंस. "डोरिसला काय मिळेल?" तो गडबडला. म्हणाला, त्या प्रकारच्या कामाला साधारण ब्राँझचं मेडल. तू म्हणालीस, "पट्टा तिनं सोडला, जिन्यात ती रडली, आणि क्रॉस मला? का बरं?" त्यानं सांगितलं, पद्धत तशी आहे, मी ती बदलू शकत नाही. "मग ब्राँझ तर ब्राँझ, शिफारस कशी करायची ते सांगा," असं म्हणून तू त्याला त्याचा केक संपवू दिला नाहीस.

कुमुद, डोरिसचं मेडल आलं. या वसंतात. तू नव्हतीस, म्हणून मी गेलो. तिनं चर्चला जायची हॅट घातली होती. आणि ऐक, कॉन्सुलेटच्या त्या बाईला मी काल फोनवर विचारलं, डोरिसलाही परत करावं लागणार का? ती म्हणाली, नाही सर, मेडल घरच्यांकडेच राहतं, फक्त क्रॉस परत येतात. म्हणजे खालच्या पायरीचं कायमचं, आणि वरच्या पायरीचं उसनं! तुला हेही माहीत असणार. मला खात्रीच आहे.

आता मोठं भांडण. तुझं पोट दुखत होतं, तेव्हा तू मला अॅसिडिटी सांगितलंस. महिनोन्महिने. स्वतःच्या स्कॅनच्या फिल्म स्वतः उजेडाला धरून वाचल्यास, आणि त्या दिवशी परत येताना गाडीत मला काय म्हणालीस? "वाटेत दूध घ्यायचंय." आपण दूध घेतलं. तू घरी येऊन भात टाकलास. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा ओतताना खरा आजार सांगितलास, जणू पाहुणे येणार आहेत अशा आवाजात. सगळ्या जगाला काय दुखतंय ते तू परक्या भाषेत शिकून विचारायचीस, आणि तुझं दुखणं मला मराठीत सांगायला जड गेलं? का गं?

विचारायचं होतं तेव्हा विचारलं नाही. तुझ्या शेवटच्या दिवसांत मी नुसता शेजारी बसून रेडिओसारखा बोलत राहायचो, मंडळाच्या निवडणुका, शेजाऱ्याचं नवं छप्पर. तू डोळे मिटून ऐकायचीस. एकदा म्हणालीस, "बोलत राहा. अर्थाकडे माझं लक्ष नाहीये, पण बरं वाटतं." निखिल दुसऱ्या बाजूला बसून तुझे पाय चेपायचा. तो म्हणाला, "आई, दुखतं?" मॉम नाही, आई. तू इतकी हसलीस, की नर्स धावत आली.

आता शेवटची तक्रार. गेल्या आठवड्यात भर दुपारी जवळच्या एल्जिनच्या हॉस्पिटलातून फोन आला. "डॉक्टर के यांनी मराठीसाठी तुमचं नाव आणि नंबर देऊन ठेवलाय. येऊ शकाल?"

मला न विचारता! मी काय डॉक्टर आहे? मी म्हणणार होतो, सॉरी, राँग नंबर. पण किल्ल्या घेतल्या आणि गेलो.

साताऱ्याकडच्या एक आजी. मुलाकडे सहा महिन्यांसाठी आलेल्या, चक्कर येऊन पडल्या. मुलगा कामासाठी बाहेरगावी, सून ऑफिसातून संध्याकाळी येणार. आजी सारख्या कॉटच्या कठड्यावरून खाली उतरायच्या, म्हणून त्यांचे हात बांधलेले. मी जवळ गेलो आणि म्हटलं, "आजी, काय होतंय?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी खुर्चीच ओढून बसलो.

"आरं बाबा, मराठी बोलतोस व्हय? ह्यास्नी सांग की. मला खाली घ्या म्हणावं. येवढ्या उंचावर मी कधी निजली न्हाई. पडली बिडली तर?"

मी नर्सला सांगितलं, त्या पळून जात नाहीयेत, त्यांना जमिनीवर झोपायचंय. ती म्हणाली, पेशंटला जमिनीवर ठेवता येत नाही. मी जन्मात कधी कुणाशी भांडलो नाही, ते खातं तुझं. मी म्हटलं, डॉक्टरांना बोलवा, तोवर मी इथून हलत नाही. आवाज जरा मोठाच लागला. तरुण डॉक्टर आला, त्यानं ऐकून घेतलं. कॉट सगळ्यात खाली आणली, कठडा काढला, शेजारी जमिनीवर गादी टाकली, हात सोडले. आजी खाली सरकल्या, भिंतीला पाठ लावून बसल्या आणि मला म्हणाल्या, "देव तुझं भलं करो. तू कोण रं?"

मी माझं नाव सांगणार होतो. इंजिनिअर, अमुक कंपनी, शॉमबर्ग. पण म्हणालो, "मी डॉक्टरांचा नवरा."

"मग डॉक्टरीणबाई कुठायत?"

"दुसऱ्या पेशंटकडे गेल्यात," मी म्हटलं.

कुमुद, उद्या सकाळी तुझा क्रॉस पोस्टात टाकतो. पॉलिश करून. त्याबद्दलचं भांडण इथं मिटलं. आणि एक कबूल करतो, फोन वाजला की मी जाईन. बर्फ असला तरी, मंडळाचा कार्यक्रम असला तरी, जेवायला बसलेलो असलो तरी. निखिललाही एकदा बरोबर नेणार आहे, त्यानं स्वतःहून विचारलंय. त्याच्या मराठीला आजी हसतील. हसू देत.

फक्त मराठीच हं. डच मला जमणार नाही.

ज्याला तू जन्मात कधी नावानं हाक मारली नाहीस तो,
वसंत